एक तास वीस मिनिटांची टेस्ट राइड

रुपराव धकाते यांनी मोटरसायकलचं लायसन बाविसाव्या वर्षी काढलं आणि त्यानंतर तीस वर्षं ते कधी संपू दिलं नाही. मुदत आली की अर्धी सुटी टाकायचे, आरटीओत जायचे, फोटो काढून परत यायचे. मोटरसायकल मात्र त्यांच्याकडे कधीच नव्हती. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "कागद पुरा असला पाहिजे."

घराणं नागपूरच्या गोळीबार चौकातलं, विणकरांचं. वडिलांनी शेवटचा हातमाग विकला तेव्हा त्या जागेवर फ्रिज आला आणि रुपराव आयटीआय करून फिटर झाले. पंचवीस वर्षं हिंगण्याच्या एकाच कारखान्यात. तिथे ट्रॅक्टरचे सुटे भाग बनतात. नऊ वर्षांपूर्वी ते बेस्याला राहायला आले, पण कंपनीची बस तिथेही यायची. डावीकडची तिसरी खिडकी त्यांची. सकाळी बसले की हिंगण्यापर्यंत एकटक बाहेर पाहायचे. शेजारच्यांना वाटायचं, माणूस विचार करतो आहे. रुपराव मोटरसायकली पाहायचे.

नोव्हेंबरमध्ये नोटीस लागली. बेसा लाइनवर आता सहाच माणसं उरली आहेत, सबब एक तारखेपासून बस बंद. एक तारखेला रुपराव दोन बस बदलून आणि शेवटचा टप्पा ऑटोने करून कारखान्यात पोचले, आणि पंचवीस वर्षांतला पहिला लेट मार्क त्यांच्या नावावर लागला. त्या आठवड्यात असे तीन लागले. शनिवारी घरी आल्यावर त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि बायकोला सांगितलं, "शामला, गाडी घ्या लागते."

शामलाबाई घरी साड्यांना फॉल-पिको करून देत. त्यांनी मशीन थांबवलं नाही. "घ्या मंग," त्या म्हणाल्या.

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. धाकटी मुलगी हर्षा म्हणाली, "बाबा, इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. आवाज नाही, गिअर नाही, काहीच नाही." रुपरावांनी मान डोलावली. आवाज नाही, गिअर नाही, तर मग त्यात असतं काय, हा प्रश्न त्यांनी मनातच ठेवला. कारखान्यातले वामनराव शेजारच्या लेथवर काम करत आणि स्वतः शंभर सीसीची गाडी वापरत. ते म्हणाले, "माझ्यासारखी घे गा. सत्तरचं मायलेज देते. एकदा टाकी भरली का विसरून जायचं."

"काय विसरून जायचं?"

"गाडी."

रुपरावांनी याच्यावर दोन दिवस विचार केला. रोज दीड तास ज्या वस्तूवर बसायचं ती विसरूनच जायची, तर बस काय वाईट होती?

तरीही वामनरावांचा मान राखायला त्यांनी पहिली टेस्ट राइड शंभर सीसीची केली. चार मिनिटांत परत आले. "कशी वाटली काका?" असं शोरूमवाल्याने विचारलं. "चालते," असं सांगून ते निघाले. दुसऱ्या शोरूममध्ये साडेतीनशे सीसीची धिप्पाड गाडी होती. जावई म्हणायचे, घ्यायची तर हीच. रुपरावांची उंची पाच फूट तीन इंच. सरळ रस्त्याने ते राजासारखे गेले, पण वळवताना गाडी एका बाजूला झुकली ती झुकतच राहिली. एक भाजीवाली आणि दोन गिऱ्हाइकं धावत आली आणि चौघांनी मिळून ती उभी केली. गाडीला काही झालं नव्हतं. रुपरावांनी तिन्ही माणसांचे आभार मानले, भाजीवालीकडून एक पाव वांगी घेतली आणि शोरूममध्ये किल्ली परत केली.

तिसरी गाडी मानेवाड्याच्या शोरूममध्ये उभी होती. एकशे साठ सीसी, निळी. सीट बेताची, दोन्ही पाय जमिनीला टेकत. रुपरावांनी ती सुरू केली आणि कान थोडा खाली नेऊन ऐकली. मशीनचा आवाज ऐकणं हा त्यांचा रोजचा धंदाच. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "चालवून पाहू काय?"

चंदन नावाचा सेल्समन होता. त्याने लायसनची झेरॉक्स घेतली, हेल्मेट दिलं आणि म्हणाला, "त्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊन या काका."

रुपराव गेले.

वीस मिनिटांनी चंदन बाहेर येऊन उभा राहिला. चाळीस मिनिटांनी त्याने पंपावर चक्कर मारली. पंपवाल्यांनी अशी कुठली निळी गाडी पाहिली नव्हती. एक तास झाला तेव्हा त्याने फॉर्मवरचा नंबर लावला. तो घरचा होता.

"बाई, काका घरी आले काय?"

"नाही. काहून?"

"टेस्ट राइडले गेले होते. तास झाला."

शामलाबाईंनी विचारलं, "गाडीत पेट्रोल किती होतं?"

"दोनेक लिटर."

"मंग येतीन," शामलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एक तास वीस मिनिटांनी निळी गाडी शोरूमसमोर येऊन थांबली. रुपरावांनी हेल्मेट काढलं. केस विस्कटले होते, चेहरा नेहमीसारखाच होता. ते रिंग रोडने छत्रपती चौक, पुढे हिंगणा टी-पॉइंट करत थेट कारखान्याच्या गेटपर्यंत गेले होते. हेल्मेटमुळे वॉचमनने ओळखलं नाही आणि कोणी साहेब असेल म्हणून सलाम ठोकला. रुपरावांनी तो घेतला आणि परत फिरले.

"काका, टेस्ट राइड दोन किलोमीटरची असते," चंदन कळवळून म्हणाला. "माह्या नोकरीवर येते ना."

"मी दोन किलोमीटरसाठी गाडी घेऊन नाही राहिलो बापा," रुपराव म्हणाले. "जायले चौतीस मिनटं लागले. पेट्रोल टाकून आणलं हाय, काटा पाहून घे."

यायला छत्तीस लागली होती. उरलेली दहा मिनिटं कुठे गेली हे चंदनने विचारलं नाही, आणि टी-पॉइंटच्या पुढचा मोकळा रस्ता आपण दोनदा केला हे रुपरावांनी सांगितलं नाही.

गाडी ठरली, पण शामलाबाईंचं बसणं व्हायचं होतं. रविवारी त्या आल्या, हिरवी सुती साडी नेसून. आधी त्यांनी मागच्या चाकाकडे पाहिलं.

"याले साडीची जाळी कुठं हाय?"

"येते ना काकू," चंदन म्हणाला, "पण लोकं काढून टाकतात. लूक जाते."

"लावून द्या. लूक जाऊ द्या."

जाळी लागली. शामलाबाई एका अंगाने बसल्या, रुपरावांनी एक चक्कर मारली. या वेळी पंपापर्यंतच. परत आल्यावर शामलाबाई उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मागची सीट समोर उतरती हाय. ब्रेक मारला का मी तुमच्यावर येऊन राहिली."

चंदनने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"हो," रुपराव म्हणाले. "ते आलं माह्या लक्षात."

शामलाबाईंनी पर्समधून टेप काढला आणि सीट मापली. लांबी अकरा इंच, रुंदी साडेआठ. त्यांनी ते आकडे चंदनच्या पावतीपुस्तकातल्या एका कागदाच्या पाठीवर लिहून घेतले, तो कागद फाडला, आणि पुढच्याच आठवड्यात एका सीटवाल्याला समोर बसवून त्याच्याकडून मागची बाजू समतल करून घेतली. सीटवाला म्हणाला, कंपनीची सीट बिघडवू नका बाई. त्या म्हणाल्या, "कंपनीले बसाचं नाही हाय. मले बसाचं हाय."

डिसेंबरच्या मध्यापासून रुपराव निळ्या गाडीने कामावर जाऊ लागले. लेट मार्क थांबले. वामनरावांनी पार्किंगमध्ये गाडीभोवती एक फेरी मारली.

"किती देते गा?"

"पंचेचाळीस."

"सत्तर नाही?"

"नाही."

"मंग काहून घेतली?"

रुपरावांनी हेल्मेट आरशाला अडकवलं. सायरन झाला. "चाल, पंचिंग करू," ते म्हणाले. घरून ते आता पंधरा मिनिटं आधी निघत. शामलाबाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ट्रॅफिक असते." सकाळी साडेसहाला बेस्यात ट्रॅफिक म्हणजे दूधवाले आणि कुत्री. शामलाबाईंनी डबा पंधरा मिनिटं आधी भरायला सुरुवात केली.

जानेवारीतल्या एका रविवारी दोघं कन्हानला गेले. तिथे शामलाबाईंची मोठी बहीण मैनाबाई राहते. आधी हा प्रवास म्हणजे ऑटो, बस, परत ऑटो. पोचेपर्यंत कंबर मोडायची, म्हणून गेले की मुक्कामच व्हायचा. मैनाबाईंनी त्याच हिशोबाने रात्रीच्या वडाभाताची डाळ भिजवून ठेवली होती, गाद्या उन्हात टाकल्या होत्या. जेवणं झाली. दुपारचे दोन वाजले आणि शामलाबाईंनी स्वेटर चढवला.

"आत्ताच तं आली तू वं," मैनाबाई म्हणाल्या. "पाठ टेकव जराशी."

"पाठ दुखूनच नाही राहिली," शामलाबाई म्हणाल्या. स्वतःच्या आवाजातलं आश्चर्य त्यांनाही ऐकू आलं असावं, कारण त्यांनी कंबरेवर हात ठेवून पाहिला.

रुपराव बाहेर गाडी पुसत होते. ती पुसण्याइतकी मळली नव्हती. शामलाबाई मागे बसल्या, एक हात दांडीला, दुसरा त्यांच्या खांद्यावर. गल्लीच्या तोंडाशी हायवे आला. उजवीकडे नागपूर, डावीकडे मनसर.

"घरी?" रुपरावांनी विचारलं.

"हर्षा घरी हाय. कुकर लावीन ती," शामलाबाई म्हणाल्या. "पेट्रोल किती हाय?"

"टाकी भरून आणली होती."

शामलाबाईंनी दुसरा हातही खांद्यावर ठेवला. रुपरावांनी डावीकडचा इंडिकेटर दिला, मागे नीट पाहिलं, एक ट्रक जाऊ दिला, आणि गाडी मनसरच्या रस्त्याला घातली.