मासा जळला नव्हता

या आठवड्यात बाजारात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. मॅडम, तुमच्याकडे मासे जळले, धूर झाला, म्हणून घरमालकाने घर खाली करायला लावलं म्हणे? एकेकाला थांबवून सांगायला मला वेळ नाही... म्हणून इथे लिहिते.

मासा जळला नव्हता. उत्तम झाला होता.

लेक नागपूरला असते. गेल्या महिन्यात तिने ओळखीच्या गाडीतून बर्फात घालून सॅल्मनचे दोन तुकडे पाठवले. थर्माकोलचा डबा, झाकणावर हा मोठा गुलाबी मासा छापलेला... वाटेत राजेगावची हद्द येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं, पण तुकडे घट्ट होते.

फोनवर तिने जपानी पद्धत सांगितली. सॉस आधी वेगळा आटवायचा. मासा तव्यावर कातडीच्या बाजूने भाजायचा, आणि शेवटच्या दोन मिनिटांत चमच्या-चमच्याने सॉस वर सोडत राहायचं, आरशासारखी चकाकी येईपर्यंत. सॉसमध्ये ते लोक तांदळाची गोड दारू घालतात. ती मी इथे बालाघाटात कुठे शोधू? लेक म्हणाली, साखर घाल.

साखर घातली नाही. वाळलेली मोहफुलं भिजवली, उकळली, गाळली आणि ते पाणी आटवत नेलं. मग सोया सॉस, आलं, लसूण.

घरभर वास सुटला... आणि दारात वरच्या मजल्यावरच्या आजी. घरमालकाच्या आई. माहेर गोंदियाकडचं, मुलगा-सून हिंदी बोलतात, म्हणून मराठी बोलायला माझ्याकडे येतात.

"काहो मॅडम, मोहाचा पाक करून राह्यल्या काय? माह्या मायच्या घरी अस्साच वास ये."

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "पाक मोहाचाच आहे. पण माशावर घालायचा आहे."

आजींनी पातेल्यात बघितलं. "आतापर्यंत तर नाही न घातला?"

"नाही."

"मंग द्या न चमचाभर."

चाटून म्हणाल्या, "आलं जास्त झालं." आणि वर गेल्या.

मी मासा केला, चिन्नोरच्या भाताबरोबर खाल्ला. तवा घासला, थर्माकोलचा डबा धुऊन उन्हात वाळवला आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीसाठी गेटपाशी ठेवला.

तासाभरात आजींचा मुलगा खाली. "मैडम, कल से बहुत बास आ रही है।"

नऊ वर्षं मी त्या घरात रोहू शिजवला. महिन्यातून दोनदा तरी. तेव्हा कधी वास आला नाही. झाकणावरचं चित्र दिसलं आणि वास आला... छापील माशालाही वास असतो, हे मला शिकवण्याच्या नोकरीत कधी कळलं नाही.

"मछली बंद कर दीजिए, नहीं तो..." तो अडखळला.

"नहीं तो घर खाली," मी वाक्य पूर्ण केलं. "महीने भर में कर दूँगी।"

तुमच्या आईलाच विचारा वास कसा होता, एवढं म्हटलं असतं तर तो गप्प झाला असता. नाही म्हटलं. म्हातारीला तिच्याच घरात जाब द्यायला लावून मला घर टिकवायचं नव्हतं. या वयात सामान बांधणं सोपं नाही. पण काय शिजवू, हे पातेलं ठेवण्याआधी कुणाला तरी विचारावं लागणं मला त्याहून जड गेलं असतं.

भरवेलीच्या रस्त्याला दोन खोल्या मिळाल्या. लहान आहेत. निघायच्या दिवशी दुपारी, ट्रक यायच्या आधी, फ्रीझरमधला दुसरा तुकडा काढला. सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या आणि त्याच ओट्यावर केला. या वेळी पाकात आलं कमी, आणि थोडा पाक मासा लागण्याआधीच बाजूला काढला.

मग चाव्या द्यायला आजींच्या मुलाला बोलावलं. मी कागद केल्याशिवाय काही देत नाही. तो वाचत होता, तेवढ्यात आजी जिना उतरून आल्या, हातात रिकामी बाटली.

"माही बाटली लिहा त्यात. त्या दिवशीसारखा पाक."

"अम्मा, वो मछली वाला..."

"मासा नव्हता घातला त्यात. मी चाखला न! वास तुले आला, मले तर नाही आला."

हे इथे लिहू का, असं मी आजींना विचारलं. म्हणाल्या, "लिहा न. मी का कोनाले भेते का?"

कागदाची एक प्रत माझ्याजवळ आहे. त्यात असं आहे...

मुख्य दाराच्या चाव्या तीन. गेटची एक. ट्यूबलाइट दोन, चालू. गीझर एक, चालू. खिडक्यांच्या काचा सर्व, फुटलेली एकही नाही. मोहाचा सॉस एक बाटली, मासा न लागलेला, आईंसाठी.

खाली मुलाची सही आहे. शेवटची ओळ दोनदा वाचून केलेली.