उंदरावर की माणसावर?

वडाळे तळ्याला फेऱ्या मारताना ते काका समोरून दिसले की आम्ही आपापल्या गोळ्यांच्या बाटल्या लपवतो. गृहस्थ औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बाटली हिसकावून घेणार, लेबल नाकाशी धरणार आणि विचारणार, "उंदरावर की माणसावर?"

म्हणजे तपासलंय कोणावर! माझ्या अश्वगंधेला त्यांनी कसंबसं पास केलं. "माणसांवर बघितलंय. झोपेला मदत होते म्हणतात, थोडी. तरुणबिरुण होणार नाहीस." एका बाईंच्या हळदीच्या कॅप्सूल बघून म्हणाले, "वहिनी, आमटीत घाला, निदान चव तरी येईल." भयंकर राग येतो. पण त्यांना विचारल्याशिवाय आता कोणी काही विकत घेत नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला आणि माझं नाव विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. काका वाटीत ब्राह्मीचं चूर्ण मधात कालवत होते. मी बघतोय हे लक्षात येताच हळूच म्हणाले, "या आजारात उपयोग होतो, असा पुरावा नाही. माहितीये मला."

काकूंनी चाटण संपवलं. "अहो, याने आठवायला लागेल ना मला?"

"लागेल काय, लागलंय की!" काका तळ्यावरच्याच आवाजात म्हणाले. "आजचा चहा बघ, कसा बरोब्बर झालाय." आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी घोट घेतला. साखर दोनदा पडली होती.

"अगदी बरोब्बर, काकू," मी म्हणालो.