चोक बंद म्हणजे नेमकं काय

आमच्या ह्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. ह्यांनी आयुष्यात माणसाला साधी पट्टीही बांधलेली नाही. एकदा भाजी चिरताना माझं बोट कापलं, तर रक्त बघून हेच भोवळ येऊन खाली बसले. पण गवत कापायची मशीन, फवारणीचा पंप, झाडं तोडायची चेनसॉ, असं दोरी ओढून सुरू होणारं काहीही आणा, हे बरं करून देतात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. त्यामुळे माझ्या चहालाही पेट्रोलचा वास येतो आणि पाहुणे तो गुपचूप पितात.

ह्यांची पद्धत अशी, की आलेल्या मशीनला आधी हात लावायचा नाही. आधी मालकाची उलटतपासणी. शेवटची कधी चालवली? पेट्रोल कधीचं? पडली होती का? नाही? खरं सांगा. "मशीन खोटं बोलत नाही, मालक बोलतो," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. मालक कबूल करेपर्यंत पाना उचलायचा नाही. गिऱ्हाईक धुसफुसतं, पण दुसरीकडे जात नाही, कारण मशीन खरंच सुरू होते. मशीनची नस ह्यांना बरोबर सापडते. माणसांच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद.

त्या आनंदीआनंदात माझा धाकटा भाऊ सापडला. तो झाडं तोडायची कामं घेतो. दीड वर्षापूर्वी त्याची चेनसॉ बिघडली, तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर हे त्याला म्हणाले, "तू आपलं डोकं चालवू नकोस. मी सांगतो तेवढंच करत जा." भाऊ मशीन उचलून चालता झाला, तो पुन्हा आमच्या उंबऱ्याला शिवला नाही. हेही त्याच्याकडे जाईनात. आई त्याच्याजवळ राहते, म्हणून मी आपली एकटीच जाऊन यायचे. आई दर वेळी माझ्या मागे कोणी आहे का ते बघायची आणि मग मला म्हणायची, "ये, बस."

परवा सकाळी भावाचा फोन आला. "ताई, आईच्या खोलीवर फांदी आलीय. घाबरू नकोस, आई ठीक आहे. पण फांदी अर्धी झाडाला लटकतेय आणि अर्धी पत्र्यावर टेकलीय. वारा वाढला तर पत्र्यासकट खाली येईल. आणि माझी चेनसॉ सुरू होत नाही."

"आई कुठाय?"

"खोलीतच. बाहेर ये म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणते. उचलायला गेलो तर काठी उगारली."

मी तशीच दुकानात गेले, फोन स्पीकरवर टाकून ह्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. दोघांना एकमेकांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, पण बोलतील तर शपथ.

"विचार त्याला, पेट्रोल कधीचं आहे," हे मला म्हणाले.

"गेल्या हंगामातलं आहे म्हणावं," फोन म्हणाला.

"नासलं असणार. ओतून टाकायला सांग. ताजं भर म्हणावं, ऑइल मिसळून."

दहा मिनिटं त्यात गेली.

"आता मशीन गार आहे. चोक बंद करून ओढायला सांग."

"केला बंद," भाऊ म्हणाला. खर्र, खर्र, खर्र. पुढे काही नाही.

"एकदा तरी खोकली का, विचार."

"ब्रसुद्धा काढला नाही म्हणावं."

"चोक बंद आहे ना?"

"ताई, बंदच आहे म्हणून सांग."

"प्लग काढून बघायला सांग. ओला आहे की कोरडा?"

"कोरडा ठणठणीत."

हे गंभीर झाले. चोक बंद करून एवढं ओढल्यावर प्लग पेट्रोलने ओला व्हायला हवा. कोरडा म्हणजे पेट्रोल वर पोचतच नाही. मग टाकीतली जाळी तारेने बाहेर काढून झाली, ती स्वच्छ. नळी चिरलीय का ते बघून झालं, नव्हती. कार्बुरेटर खोलून, पुसून, लावून झाला. मध्येच आईचा आवाज आला, "अरे, वर काहीतरी करकरतंय." मी दुकानातून आत, आतून दुकानात अशा येरझाऱ्या घालत होते. ह्यांचं डोकं धरून त्या फोनवर आपटावं असं मला फार वाटलं, ते लपवत नाही.

पुन्हा चोक बंद, पुन्हा खर्र खर्र, पुन्हा प्लग कोरडा.

शेवटी हे म्हणाले, "खोटं बोलतोय. चोक बंद असता तर प्लग कोरडा राहिलाच नसता."

"कशाला खोटं बोलू?" फोन तापला. "चोकची दांडी पार आत ढकललीय म्हणावं. एरवी गार मशीन मी दांडी बाहेर ओढूनच सुरू करतो. पण आज म्हटलं, आपलं डोकं चालवायचं नाही. डॉक्टर बंद कर म्हणतात, म्हणजे त्यांना काहीतरी दिसलं असेल."

हे ताडकन उठले. "अरे गाढवा! दांडी आत म्हणजे चोक उघडा!"

दीड वर्षातला हा पहिला थेट शब्द. माझ्या लक्षात आलं, त्यांच्या नाही.

"उघडा कसा?" भाऊही सरळ ह्यांच्यावरच घसरला. "चोक चालू केला की दांडी बाहेर, बंद केला की आत!"

"चोक म्हणजे हवेचं झाकण! झाकण लावलं की बंद!"

"मग दिवा बंद कर म्हटलं, तर दिव्यावर झाकण ठेवता का भाऊजी तुम्ही?"

आता खरं सांगायचं तर दार बंद म्हणजे लावलेलं आणि दिवा बंद म्हणजे मालवलेला, दोघांचंही बरोबर होतं. पण न्यायनिवाडा करायची ती वेळ नव्हती. मी फोनवर ओरडले, "दांडी बाहेर ओढ आणि ओढ ती दोरी!"

दुसऱ्या झटक्याला मशीन खोकली. भावाने दांडी आत ढकलून पुन्हा दोरी ओढली, आणि मशीन अशी गरजली की टेबलावर फोन थरथरला. हे हसले. मग मी बघतेय म्हणून गंभीर झाले.

भावाने मशीन थांबवली. "आई, चल आता बाहेर. कापायला घेतो."

"जावईबापू हात धरून नेतील तर येते," आईचा आवाज आला.

"ते तिकडे आहेत, आई!"

"मग येऊ देत. फोनवर आवाज तर खणखणीत ऐकला मी त्यांचा."

हे फोनवर वाकले. "आई, ऐका, वारा वाढतोय."

"म्हणून तर लवकर या."

ह्यांनी स्कूटर काढली. दुकान उघडं, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक माझी. मी मागे बसले. वीस मिनिटांचा रस्ता. अंगणात पोचलो तेव्हा भाऊ फांदीला दोर बांधून उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"गाठ दुहेरी मारलीस?" ह्यांनी विचारलं.

"मारलीय."

एवढ्यावर भागलं. दोघं आत गेले. आई खाटेवर वेणीफणी करून बसली होती. एक हात तिने ह्यांच्या हातात दिला, एक भावाच्या, आणि उंबरा असा तुरुतुरु ओलांडला की गुडघ्यांचं पितळ उघडं पडलं. तिला झाडापासून लांब बसवून भावाने फांदी कापली, ह्यांनी दोर ओढून ती अंगणात उतरवली. पत्र्याचा एक कोपरा वाकला, बाकी काही नाही.

"आता बंद कर!" हे मशीनच्या आवाजावर ओरडले.

"तुमचा बंद की माझा?" भाऊ ओरडला. हे हसत हसत त्या फांदीवरच बसले, आणि भाऊ त्यांच्या शेजारी.

माझा मात्र आता बांध फुटला. सकाळपासूनची भीती सगळी आईवर काढली. "एवढा वेळ त्या फांदीखाली बसून राहिलीस! तुला काही झालं असतं म्हणजे?" बोलता बोलता मला रडू आलं.

आई त्या दोघांकडे बघत होती. म्हणाली, "काही झालं असतं, तर दोघं आलेच असते गं. म्हटलं, मी बघायला असताना यावं."