पडद्यावरच्या घरांचा पंचनामा

दत्तूचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होतो. "मास्तर, दादा गेला," एवढंच तो म्हणाला आणि मग फोन न ठेवता नुसता धरून राहिला. पलीकडे संगमनेरच्या त्या खाजगी दवाखान्यात कुणीतरी कुणाकडे तरी पावती मागत होतं... आदल्याच दुपारी मी त्याच्या दादाला, भास्करला, भेटून जवळच्या अकोल्याला परतलो होतो. नाकात नळी असतानाही तो समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीकडे बघून कुरकुरत होता. टीव्हीवर हिंदीत बोलणारा एक परदेशी वीर कुठल्याशा शहरातला पूल पाडत होता. "सिस्टर, बंद करा ते," भास्कर म्हणाला, "हितं माणसं मरायला आलीत, करमणुकीला न्हाई." सिस्टर हसली. तिला वाटलं, म्हातारा विनोद करतोय. विनोद नव्हता तो. असल्या सिनेमांवर भास्करचा मनापासून राग होता, आणि तो गेल्यानंतरच्या या काही आठवड्यांत तो राग माझ्याकडे आला आहे.

भास्कर तलाठी होता. नोकरीची बरीच वर्षं पाथर्डीकडे गेली, निवृत्तीच्या अलीकडची थोडी आपल्या गावी, अकोल्यात. मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल, पण त्याच्या लेखी पुस्तकं वाटणारा आणि पोरांना शिकवणारा सारखाच, म्हणून मीही मास्तर. आमची मैत्री भांडणातून झाली. त्यानं ग्रंथालयातून नेलेल्या एका कादंबरीच्या समासात पेन्सिलीनं जागोजागी 'अशक्य' असं लिहून ठेवलं होतं. मी जाब विचारला तर म्हणाला, "मग त्या लेखकाला विचारा की. नांगरट झाल्यावर दोन दिसांत कणीस कसं लागलं?" त्याची बायको लवकर गेली. एकुलती एक सारिका, तिला त्यानं वाढवलं, त्यात शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाच्या, दत्तूच्या घरानं हात दिला. सारिका पुण्यात कॉम्प्युटरचं कसलंसं चित्रकाम शिकली आणि हैदराबादला एका कंपनीत लागली. ती कंपनी अमेरिकेतल्या मोठ्या सिनेमांचं काम घेते. सिनेमात इमारत कोसळते ना, ती खरी नसते. ती इमारत, तिच्या विटा, तिचा धुरळा, हे सगळं इकडे बसून कुणीतरी कॉम्प्युटरवर करतं. त्या 'कुणीतरी'त आमची सारिका. दत्तूला हे पटायला वर्ष गेलं. "म्हंजी पोरगी घरं पाडायच्या कामावर हाय," असं तो पाहुण्यांना सांगायचा.

लेकीचं काम बघायचं म्हणून भास्कर ते सिनेमे बघू लागला. तिनं घरी मोठा टीव्ही घेऊन दिला, आणि दर रविवारी दुपारी जेवण झालं की मी त्याच्याकडे जायचो. पाच मिनिटं शांतता, मग सुरू. नायक आणि खलनायक आकाशात मारामारी करत एका इमारतीतून घुसून दुसरीतून निघाले की भास्कर सिनेमा थांबवायचा. "मास्तर, ह्याचा पंचनामा कोण करणार?" गारपिटीत, पुरात, आगीत पडलेल्या घरांचे पंचनामे करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. पाथर्डीला असताना ऊसतोडीला गेलेल्या माणसांची कुलूपबंद घरं वाऱ्यात पडली, तर तो शेजाऱ्यांना विचारून विचारून नावं लिहायचा, कारण घरमालक तिथं नाही म्हणजे नुकसान झालं नाही असं त्याला मान्य नव्हतं. पडद्यावर सगळं शहर आडवं व्हायचं, आणि पुढच्या प्रसंगात नायक मंडळी हॉटेलात बसून एकमेकांची चेष्टा करत खायची. "बघा, बघा," भास्कर म्हणायचा. "हितं अख्खी पेठ गाडली, अन् हे जेवाय बसले."

आता एकाच माणसाची अनेक विश्वांतली अनेक रूपं दाखवायची टूम निघाली आहे. एका विश्वात मेलेला दुसऱ्यातून चालत येतो. मी भास्करला ते समजावून सांगायला गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी एकाच गट नंबराचे तीन सातबारे," तो म्हणाला. "फेरफार कुणी मंजूर केला?" दुसऱ्या एका सिनेमातला खलनायक पाण्यासाठी, जंगलासाठी लढत होता, त्याचं सगळं म्हणणं रास्त होतं, म्हणून मध्यंतरानंतर त्याच्या हातून एक लहान मूल मारून घेतलं, म्हणजे प्रेक्षकाला त्याचा राग यायला मोकळीक. भास्करनं सिनेमा थांबवला. मग म्हणाला, "अर्ज बरोबर हुता बिचाऱ्याचा. पोर मारलं की निकाल द्यायला सोपं जातं." रात्री सारिकाचा फोन यायचा आणि त्याची सगळी गाऱ्हाणी तिच्या डोक्यावर. ती काही ऐकून घेणारी नव्हती. "बाबा, ते न्यूयॉर्क आहे, पाथर्डी नाही. तिथं धुरळा असाच उडतो."
"तू गेल्तीस का न्यूयॉर्कला?"
"तुम्ही गेला होतात?"
मग दोघंही हसायचे. ते भांडण हाच त्यांचा जिव्हाळा होता, हे मला माहीत होतं. दत्तूच्या घरात ते भांडण भिंतीपलीकडून ऐकू जायचं आणि तिथं त्याचा अर्थ वेगळा लागत होता.

मी पुस्तकातला माणूस. या सिनेमांबद्दल इतकी वर्षं मला राग नव्हता, फार तर कंटाळा होता. आता स्पष्ट लिहितो. मला या गोष्टी खोट्या वाटतात, आणि त्या उडत्या माणसांमुळे खोट्या वाटत नाहीत. आपल्या कहाण्यांतही माणसं उडतातच. या गोष्टी खोट्या आहेत कारण त्यांत मरणाला काही किंमत नाही. नायकाचा बाप मरतो तो नायकाला शहाणपण यावं म्हणून. शेजारी मरतो तो नायकाला राग यावा म्हणून. लाखो माणसं मरतात ती पडदा भरावा म्हणून. आणि ज्याच्यावर पुढच्या भागाची तिकिटं खपणार असतात तो मरतच नाही. हे सगळं करून वर पुन्हा गहिवर घालतात... कुटुंबापेक्षा मोठं काही नाही, माणसानं सगळं टाकून आपल्या माणसाकडे धावावं. हे वाक्य प्रत्येक सिनेमात कुणी ना कुणी ओल्या डोळ्यांनी म्हणतंच. सारिकाच्या कंपनीच्या भिंतीवरही 'आपण सारे एक कुटुंब' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. तिनंच तो फोटो पाठवला होता, खाली हसण्याची चित्रं टाकून.

भास्करला छातीत दुखायला लागून संगमनेरला हलवलं, त्या वेळी सारिकाकडे अशाच एका सिनेमाचं काम चालू होतं. प्रदर्शनाची तारीख जगभर जाहीर झालेली. तिनं रजा मागितली. तिच्यावरचा साहेब म्हणाला, हातातली दृश्यं पुरी कर आणि जा, तुझ्याजागी आता कुणाला बसवणार? तरी ती निघणारच होती. त्या शेवटच्या दुपारी, टीव्ही बंद झाल्यावर, तिचा फोन आला. मी तो भास्करच्या कानाशी धरला. तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, भास्करचं मात्र नीट ऐकलं. "किती इमारती राहिल्यात?" त्यानं विचारलं. मग थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाला, "तेवढ्या पाडून ये. मी काय पळून चाललोय व्हय?" मी फोन ठेवला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मोठा पंचनामा उरकल्यासारखं समाधान होतं. डॉक्टरही म्हणाले होते, धोका टळला आहे... सारिका पोचली ती त्याचा देह घरी आणल्यावर. दारात माणसं बाजूला झाली, पण तिच्याशी बोललं कुणी नाही.

दशक्रियेला प्रवरेच्या घाटावर गर्दी होती. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली, त्यांत भास्कर किती मनमिळाऊ होता हे अनेकांनी सांगितलं. तो अजिबात मनमिळाऊ नव्हता. मग पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. पलीकडच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. आपल्याकडे अशा वेळी घरची माणसं पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतात, त्याचा जीव जिथं अडकला असेल ती गाठ सोडवतात. दत्तू पुढे झाला आणि शेताच्या बांधाचा वाद मिटवतो म्हणाला. कावळे जागचे हलले नाहीत. कुणी टीव्हीखालच्या फळीवरच्या भास्करच्या कागदपत्रांची काळजी घेतो म्हणालं. काही नाही. हळूहळू सगळ्यांचे डोळे सारिकाकडे वळले.

"म्हन बाई," दत्तूची बायको तिला म्हणाली, "नोकरी सोडते म्हन. त्याच्यातच अडकलाय जीव भाऊजींचा. रोज भांडन हुतं तुमचं, आमी ऐकत हुतो."

"शेवटचं पाणी पाजायला आली न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं. "पैसा लई मोठा झाला."

मी आयुष्यात चार माणसांसमोर आवाज चढवलेला नाही. ग्रंथालयाचीच सवय. त्या दिवशी मी म्हणालो, "तिला भास्करनंच येऊ नको म्हटलं. फोन माझ्या हातात होता. काम संपवून ये म्हणाला."

"मास्तर, तुमी मधी पडू नका," दत्तू म्हणाला. "दादा तर कुनालाच काय मागायचा न्हाई. न्हाई मागितलं म्हनून द्यायचं नसतं व्हय?"

सारिका पुढे झाली. तिनं हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडणार नाही. कावळ्यासाठी खोटं बोलले तर तुम्हीच मला दारात उभं करणार नाही." घाटावर कुजबूज झाली. या जागी तो परदेशी सिनेमा असता तर काय झालं असतं हे मी सांगू शकतो. संगीत वाढलं असतं, झाडावरून एक कावळा पंख पसरून सावकाश खाली उतरला असता आणि सगळ्या भाऊबंदांचे डोळे भरून आले असते. इथं कावळा आला नाही. गुरुजींनी उन्हाकडे बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. विधी पुरा झाला. पंगतीत सारिकाच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. एका पानावर मी जाऊन बसलो. आम्ही दोघं खाली मान घालून जेवलो. ती माझ्याकडे बघून एकदाच म्हणाली, "मीठ कमी आहे ना, काका?" होतंच कमी.

पहिल्या मासिक श्राद्धाला ती पुन्हा आली तेव्हा तिनं केलेला तो सिनेमा संगमनेरला लागलेला होता. "येता का?" तिनं विचारलं. मी गेलो. गोष्ट अशी होती: एका मुलीचा शास्त्रज्ञ बाप मरणाच्या दारात आहे, मुलगी दूरच्या कामगिरीवर. वरचा अधिकारी तिला सोडत नाही. ती त्याच्या तोंडावर बिल्ला फेकते, चार विश्वं ओलांडते, कोसळत्या शहरातून धावत बापाच्या पलंगाशी पोचते आणि त्याचा हात हातात घेते. "काम इंतज़ार कर सकता है, अपने लोग नहीं," असं ती हिंदीत म्हणाली आणि थिएटरात शिट्ट्या झाल्या. माझ्या पुढची बाई रुमालानं डोळे पुसत होती. मला उठून त्या पडद्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. ही गोष्ट वेळेत जगाला दाखवता यावी म्हणून जिला हैदराबादला बसवून ठेवलं, ती माझ्या शेजारी होती. शेवटी नावांची लांबलचक यादी वर सरकत गेली, त्यात तिच्या कंपनीचं नाव होतं, तिचं नव्हतं. ते तसंच असतं म्हणाली.

पण तिचं लक्ष गोष्टीकडे नव्हतंच. मुलगी धावत असताना मागे एक उंच इमारत खचते, तिथं सारिका पुढे वाकली होती, आणि इमारत धुरळ्यात गेल्यावर मागे टेकली. "काढलेत," ती पुटपुटली.

बाहेर रसवंतीवर बसल्यावर मी विचारलं, काय काढलं? तिनं ग्लास पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "त्या इमारतीच्या गच्चीवर मी दोरी बांधली होती, काका. वाळत घातलेले कपडे. लहान मुलाचा सदरा, एक परकर, बाबांच्यासारखं एक जुनं बनियन. कुणी सांगितलं नव्हतं मला. बाबांचा तो फोन झाला त्याच दिवशी टाकले. म्हटलं, बाबा बघतील तेव्हा थांबवतील आणि म्हणतील, हितं माणसं राहत होती. बाबा गेले, आणि तिकडं कुणाला तरी ते दिसले असणार. सगळं पुसून साफ करून टाकलंय."

रसाच्या चरकाचं घुंगरू वाजत होतं. तिनं ग्लास संपवला.

"पुढच्या वेळी खिडकीच्या आत टाकते," ती म्हणाली. "आत कुणी बघत नाही."

ती हैदराबादला परत गेली. दत्तू तिच्याशी अजून बोलत नाही, पण रविवारी दुपारी भास्करच्या खोलीचं कुलूप काढून देतो आणि टीव्ही लावून दाराशी टेकून उभा राहतो. सिनेमे तेच आहेत. मारामारी सुरू होते, इमारती कलायला लागतात, आणि मी रिमोट उचलतो. चित्र थांबवून मी एकेक खिडकी बघत जातो. परवा दत्तूनं विचारलं, "काय हुडकताय मास्तर?" मी सांगितलं. त्यानं खिशातून चष्मा काढला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.