पास्क्वालच्या नावातली फुंकर

एदुविहेसच्या जिभेला हाड नव्हतं. सरहद्दीवरच्या लारेडो गावातल्या त्या गल्लीत तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. पण जन्मभर ती झुरली, ती आपल्याच एका वाक्यापायी.

तिची दोन्ही मुलं, पास्क्वाल आणि एल्विरा, पाळण्यापासून दोन भाषांत वाढली: घरात आईची स्पॅनिश, सांभाळणाऱ्या शेजारणीकडे इंग्रजी. दोन्ही घडाघडा बोलत. फक्त त्यांचा 'प' दोन्हीकडे जवळपास एकच होता, इंग्रजी वळणाचा. ओठ उघडले की फुंकर बाहेर पडे. आईचा 'प' कोरडा.

"बोलताय की सूप गार करताय?" ती चिडवायची. एल्विरा हसून सोडून द्यायची. पास्क्वालला ते झोंबायचं.

एकदा मायलेकांचं कडाक्याचं जुंपलं आणि ती बोलून गेली, "आधी स्वतःचं नाव धड घ्यायला शीक, मग या घरात पाय ठेव." तो गेला, ट्रक चालवू लागला आणि हमरस्त्यावरच संपला.

दर नोव्हेंबरात, मेलेली माणसं घरी येतात त्या संध्याकाळी, झेंडूच्या फुलांत त्याची मेणबत्ती लागे. घरची रीत अशी, की ज्योतीपाशी वाकून नाव घ्यायचं; ज्योत हलली तर माणूस आलं. आईच्या हाकेला ज्योत ढिम्म. एल्विरानं हाक मारली की मात्र लवायची.

"तुझ्याकडे येतो गं तो. माझ्यावरचा राग जात नाही त्याचा," आई म्हणायची. एरवीही गल्लीत ट्रक थांबला की ती दाराशी जाऊन उभी राहायची.

एल्विरा शाळेत उच्चारांत अडखळणाऱ्या मुलांना शिकवू लागली. इंग्रजी 'प' शिकवताना ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची. फडफडली की जमलं. एकदा तिनं सहज भावाचं नाव घेतलं, अगदी घरच्यासारखं. पट्टी फडफडली, मेणबत्तीच्या ज्योतीसारखी. इतकी वर्षं आपल्याच श्वासाला ती भाऊ समजत होती. आईला हे सांगावं, तर तो कुणाकडेच आला नव्हता हे तिला कळणार. न सांगावं, तर म्हातारी त्याचा राग उशाशी घेऊन मरणार.

त्या नोव्हेंबरात आईला खुर्चीतून उठवतही नव्हतं. एल्विरानं मेणबत्ती तिच्या तोंडापाशी धरली.

"अमा, तो घ्यायचा ना, तस्संच घे नाव. सूप गार केल्यासारखं."

"गेलेल्या पोराची नक्कल करू?"

"कर की. तो होता तेव्हा काय कमी केलीस?"

म्हातारीनं ज्योतीकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून तिनं ते उघडले. "पास्क्वाल."

ज्योत लवली.

"आला! आला गं माझा!" ती पुढे वाकली. "पास्क्वाल, थांब रे... पास्क्वाल!"

मेणबत्ती विझली.

एल्विरा काड्यापेटी चाचपू लागली. अंधारातून आईचा आवाज आला, कधी नव्हे इतका शांत.

"गेला. पण या खेपेला मी नाही गं हाकललं."

एल्विराला काडी ओढवेना.