कोरा रकाना

अकोल्याच्या जन्मनोंदणी कार्यालयातला कारकून दर वेळी पेनाचं टोपण दातात धरून, मान वर न करता विचारतो, "दोघं आले काय?" लग्न न झालेल्या आईबापांच्या बाळाच्या दाखल्यावर बापाचं नाव यायला दोघांच्या सह्या लागतात. माझ्या अंगणवाडीजवळच्या एका पोरीला घेऊन मी तिसऱ्यांदा अकोल्याला गेले होते. येतो म्हणणारा तिच्या बाळाचा बाप याही वेळी आला नाही.

"मारा बापाच्या रकान्यात रेघ," पोरगी म्हणाली. "तो नाई येत आता."

कारकुनानं दातातलं टोपण काढून पेनाला लावलं. "रेघ माराले काय लागते? पन उद्या आला, तं त्याचं नाव कुठं लिवू? सोमवारी ये, माय."

रकाना कोराच राहिला. मला कारकुनाचा रागच आला. तरी परतीच्या बसमध्ये मी सोमवारच्या रजेचा अर्ज लिहिला.