लॅक्रिमल

चुरगळलेल्या झेंडूचा वास आला की मला अकोल्याच्या फूलबाजारातली ती दसऱ्याची सकाळ आठवते. फुलं विकायला बसायच्या जागेवरून बाबांचं आणि मोठ्या काकांचं जुंपलं. काकांनी तराजूची लोखंडी दांडी उचलली आणि बाबांच्या डाव्या डोळ्याखाली हाणली. बाबा फुलांच्या ढिगावर कोसळले, तरी काका मारतच होते. पिवळी फुलं लाल झाली. मी काकांच्या मनगटाला कडकडून चावले तेव्हा कुठे दांडी सुटली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लॅक्रिमल नळी तुटली. "लॅक्रिमल म्हंजे?" बाबांनी विचारलं. "आसवांची. डोळ्यातलं पाणी या नळीतून नाकात उतरतं. आता ते गालावर येईल." आलंही, कायमचं. परवा बाळापूरला काकांची तिरडी उचलताना बाबांचा डावा गाल ओला पाहून शेजारचे म्हातारबा म्हणाले, "शेवटी भाऊच होय. रडून राह्यला बिचारा." बाबांनी रुमाल काढला. "रडून नाही राह्यलो मी," ते म्हणाले. "हे लॅक्रिमल पाणी हाय. यानंच देल्लं." मी त्यांच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं. तो कोरडा ठणठणीत होता.